आई म्हणते 'मसक मसक दिसतंय', याला इंग्रजीत काय लिहू? 'नॉट क्लिअर' सोडून शब्द सांगा

भवानीपेठ_पोरगी

नमस्कार मंडळी, जरा अडलंय म्हणून विचारते, इंग्रजी चांगलं येणाऱ्यांनी आणि डोळ्याच्या लाइनमधल्यांनी प्लीज वेळ काढून सांगा.

आईचं वय ६१. ३५ वर्षं बिड्या वळल्या, आता दोनेक वर्षं झाली बंद केलंय. डोळ्याचं मात्र आठ महिन्यांपासून सुरू झालंय. मामाचा मुलगा हैदराबादला असतो, त्यानं तिथल्या एका डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावून दिला, आधी व्हिडिओ कॉलवर बोलणार आणि मग लागलं तर बोलावणार असं आहे. त्यासाठी एक फॉर्म आला, सगळा इंग्रजीत, आणि त्यात एक मोठी चौकट, पेशंटला काय त्रास होतो ते लिहा म्हणून. मी मराठी मीडियमची, बीकॉम झालेय, कामापुरतं इंग्रजी येतं. मी लिहिलं 'नॉट सीइंग क्लिअर', खाली 'लेटर्स नॉट क्लिअर', त्याच्या खाली 'नाइट टाइम नॉट क्लिअर'. दुसऱ्या दिवशी तिकडून फोन. बाई चांगल्या होत्या, हिंदीत बोलल्या, म्हणाल्या तीन वेळा एकच लिहिलंय, यातून डॉक्टरांना काही अंदाज येणार नाही, नक्की कसं दिसत नाही ते लिहून पाठवा.

मग म्हणलं आपण आपल्या मनानं लिहिण्यापेक्षा आई काय म्हणते तेच लिहून ठेवू. भिशीच्या वहीच्या मागच्या पानावर आठवडाभर टिपत गेले. ते जसंच्या तसं देते.

'मसक मसक दिसतंय ग, कुणीतरी तेलकट बोटं फिरवल्यागत चष्म्याच्या काचेवर', आणि काच तर मी स्वतः पुसून दिलेली असते. 'पानाची शीर दिसंना', म्हणजे शेजारच्या मावशींकडं बसली होती तेव्हा हातात बिडीचं पान घेऊन बघत होती, हात लांब करून बघितलं, जवळ आणून बघितलं, शेवटी अंगठ्यानं चाचपून शीर कुठं आहे ते सांगितलं. सुईत दोरा ओवायचं तर सोडूनच दिलंय. रात्री रिक्षातून येताना 'समोरच्या गाडीच्या लाइटला खळं पडलंय बघ, चंद्राला पडतं तसं'. एकदा गच्चीवर, 'चंद्र दोन दिसायलेत'. कपाटातली पांढरी चादर काढली तर 'ही पिवळी कशानं पडली', चादर पांढरीशुभ्र होती हो. आणि मधूनच हातानं झटकते, 'डोळ्यापुढं माशी फिरती', माशी नसते.

आता या प्रत्येकाला मी 'नॉट क्लिअर' लिहिलं तर त्यांचं म्हणणं बरोबरच आहे ना. आईकडं सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि माझ्याकडं शब्द एकच. डिक्शनरी उघडली तर अंधुक म्हणून दहा-बारा शब्द येतात, डिम, ब्लर, फेंट, हेझी, वेग, आणि सगळ्यांपुढं मराठीत परत अंधुक किंवा अस्पष्ट. फरक काय ते कुठंच नाही. आणि हा मसक शब्द कुठला तेही माहीत नाही, आमच्याकडं आई सोडून कुणी म्हणत नाही.

पार्कचौक_९२

ब्लर्ड व्हिजन लिहा. डोळ्याचं काहीही असलं तरी चालतं, सगळे तेच लिहितात.

भवानीपेठ_पोरगी

दादा थँक्यू, पण तेच तर झालंय की. नॉट क्लिअरच्या जागी सहा वेळा ब्लर्ड होईल.

मास्तर_विजापूररोड

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. ३१ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण 'अंधुक म्हणजे नक्की कसं' असं विचारणारं पोरगं क्वचित भेटलं. डिक्शनरीचा घोळ असा आहे की ती अर्थ देते, जागा देत नाही. मी वर्गात एकच सांगायचो, शब्द निवडायच्या आधी विचारा, खोट कुठंय? उजेडात आहे, मधल्या हवेत आहे, त्या वस्तूत आहे, का बघणाऱ्याच्या डोळ्यात? इंग्रजीत तिथंच शब्द बदलतो.

आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्यावर गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे जाऊन उभं राहा, सगळे शब्द एका जागी मिळतील. दिवस उगवायचा असतो, उजेडच कमी, तो 'डिम'. लांब कुठं एक बल्ब मिणमिणतोय तोही डिम. पाण्यावर थंडीची वाफ धरलेली असते, ती 'मिस्ट', आणि तिच्यातून दिसणारं मंदिर 'मिस्टी' किंवा 'हेझी', इथं मंदिराची चूक नाही, तुमच्या डोळ्याचीही नाही, मध्ये काहीतरी आलंय. खाली वाकून पाण्यात बघा, तळ दिसत नाही, पाणी 'मर्की' आहे, म्हणजे गढूळ आणि वर काळपट. नुसती माती मिसळली असेल तर 'मडी', दुधाळ दिसत असेल तर 'क्लाउडी'. भिंतीवर जुन्या रंगातली अक्षरं आहेत, ऊन-पावसानं उडालेली, ती 'फेडेड', कारण एकेकाळी ती ठळक होती. तीच जर कुणी पहिल्यापासूनच पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहिली असती तर 'फेंट'. फेंटचं वैशिष्ट्य असं की तो नुसता डोळ्याचा शब्द नाही, लांबून येणारा नंदीध्वजांपुढचा हलग्यांचा आवाज फेंट असतो, उदबत्ती विझल्यावर उरलेला वासही फेंट. जे पोचतंय पण कमी ताकदीनं पोचतंय ते फेंट.

आता 'ब्लर्ड'. याच्यात कडा गेलेली असते. अक्षर आहे, काळं आहे, उजेड आहे, पण त्याची कड शेजारच्या कोऱ्या जागेत फिसकटलीय. शाईवर पाण्याचा थेंब पडल्यावर होतं तसं. 'फझी' त्याच्याच जवळचा, पण फझ म्हणजे कापडावरची लव. आपल्या सोलापूरच्या माणसाला हा शब्द शिकवावा लागत नाही, टर्किश टॉवेलची कड उजेडापुढं धरा, लव उभी राहिलेली असते आणि कड नेमकी कुठं संपते ते सांगता येत नाही, ते फझी. याच अर्थानं १९६५ साली लोत्फी झादे नावाच्या गणिताच्या माणसानं फझी सेटची कल्पना मांडली, आत आहे का बाहेर आहे हे हो-नाही असं न सांगता 'थोडं आत' म्हणता येतं अशी, पुढं वॉशिंग मशीनवर फझी लॉजिक लिहून यायला लागलं ते तिथूनच.

'इंडिस्टिंक्ट' म्हणजे एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही. आणि 'वेग' हा तर डोळ्यासाठी शक्यतो वापरूच नका, तो बोलण्या-विचारासाठी, आपल्या मोघमचा सख्खा भाऊ. लॅटिनमधला मूळ शब्द भटकणारा या अर्थाचा आहे, म्हणजे एका जागी न थांबणारं बोलणं. तुमच्या फॉर्मवर तुम्ही 'नॉट क्लिअर' लिहिलं ते त्या लोकांना वेग वाटलं, आईला जे दिसतंय ते हेझी आहे. दोन्ही मराठीत अस्पष्टच.

आईचे शब्द मात्र पुसू नका. इतकं नेमकं सांगणारी माणसं कमी असतात.

चष्मा_नवीपेठ

सरांनी पाया घातलाच आहे, मी रोज हेच ऐकतो म्हणून दुकानाच्या बाजूनं लिहितो. मी डोळे तपासून नंबर काढायचं काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळं आईंना काय झालंय ते मी सांगणार नाही आणि इथं कुणी सांगितलं तरी धरू नका. शब्दांपुरतं सांगतो.

मसक मसक, तेलकट काच, याला 'हेझी' किंवा 'क्लाउडी व्हिजन'. ब्लर्ड लिहिलंत तर डॉक्टरांच्या मनात आधी नंबरचा विचार येऊ शकतो, क्लाउडी लिहिलंत तर मध्ये पडदा आल्यासारखं काही आहे का ते बघतील. डोळ्यातलं भिंग दुधाळ झालं तर त्याला 'ओपॅसिटी' लिहितात, बाथरूमच्या काचेला आपण 'ओपेक' म्हणतो तोच शब्द. ट्रान्सपरंट म्हणजे आरपार स्वच्छ, ट्रान्सलुसंट म्हणजे उजेड येतो पण माणूस ओळखू येत नाही (बाथरूमची काच खरी हीच), ओपेक म्हणजे काहीच येत नाही.

पानाची शीर आणि सुईचं, इथं मोठा शब्द शोधूच नका. 'डिफिकल्टी इन निअर वर्क' लिहा आणि पुढं सरळ लिहा 'कॅनॉट थ्रेड अ नीडल', 'कॅनॉट सी द व्हेन ऑफ अ लीफ इन हँड'. काम कुठलं अडलं हे लिहिलं की वाचणाऱ्याला अंतर आणि बारीकपणा दोन्ही आपोआप कळतात.

लाइटला खळं, याला 'हेलोज अराउंड लाइट्स'. फोनवर बोलायची वेळ आली तर समोरच्याला आपला हॅलो वाटतो, म्हणून 'रिंग्ज अराउंड लाइट्स' म्हणलं तरी चालतं. खळं वेगळं आणि डोळे दिपणं वेगळं. समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही, डोळे मिटून घ्यावे लागतात असं असेल तर तो 'ग्लेअर'. आईंना विचारा दोन्ही आहे का एकच. आणि खळ्याबरोबर डोळा लाल, जोरात दुखतोय, उलटी होतेय असं कधी झालं तर फॉर्म-बिर्म ठेवा बाजूला आणि त्याच वेळी जवळच्या डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या.

चंद्र दोन, हे 'डबल व्हिजन', पण एवढं लिहून भागत नाही. एक डोळा हातानं झाकून परत बघायला सांगा. एक डोळा झाकला तरी दोनच दिसतात का झाकल्यावर एक होतो? हा फरक फार महत्त्वाचा आहे. झाकल्यावरही दोन राहत असतील तर खोट बहुतेक त्या एका डोळ्याच्याच आत, झाकल्यावर एक होत असेल तर दोन डोळ्यांची जुळवाजुळव बिघडलीय, ती वाट पूर्ण वेगळी, आणि ते अचानक सुरू झालं असेल तर थांबायचं नाही. वाक्य असं, 'डबल व्हिजन, पर्सिस्ट्स विथ वन आय क्लोज्ड' किंवा 'डिसअपिअर्स विथ वन आय क्लोज्ड'.

पांढरी चादर पिवळी, 'कलर्स लुक फेडेड' नाहीतर 'व्हाइट लुक्स यलोइश'. हे बायका आधी सांगतात हा माझा अनुभव, कपड्याचे रंग रोज बघतात म्हणून असेल.

डोळ्यापुढं माशी, 'फ्लोटर्स'. हे बऱ्याच जणांना वयानुसार एखाद-दुसरं असतं. पण अचानक खूप वाढले, वीज चमकल्यासारखं दिसलं किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं काळं आलं तर त्याच दिवशी दाखवायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. तिथले शब्द 'फ्लॅशेस' आणि 'कर्टन', हे दोन पाठच करून ठेवा.

अजून एक तपासून बघा. घरात फरशीच्या रेघा असतील, दाराची चौकट असेल, ती एकेका डोळ्यानं बघायला सांगा, सरळ दिसते का वाकडी, लाटेसारखी. वाकडी असेल तर ते ब्लर्ड नाही, 'डिस्टॉर्टेड' किंवा 'वेव्ही', आणि ते वेगळं लिहायचं. आणि प्रत्येकापुढं कुठल्या डोळ्यात, कधीपासून, हळूहळू का एकदम. शुगर असेल तर तीही.

आमच्या दुकानात भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता असतो ना, तो १८६२ साली स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी काढला. ६/६० लिहिलं तर अर्थ असा की चांगल्या डोळ्याला जे अक्षर ६० मीटरवरून वाचता येतं ते या माणसाला ६ मीटरवर यावं लागतं. जुन्या चिठ्ठीवर असं काही लिहिलेलं असेल तर फॉर्मला फोटो जोडा, शब्दापेक्षा ते जास्त बोलतं.

साखरपेठ_अक्का

मसक वाचून मी थांबलेच. अहो ताई तो आमचा शब्द आहे, तेलुगू. आमच्या घरी मसक म्हणजे अंधुक, धूसर, आणि मसक मसक असं दोनदा म्हणलं की सगळंच धूसर झालंय, नीट ओळखू येईना असं. तिन्हीसांजेच्या कमी उजेडालाही म्हणतात. तुमच्या आई बिड्या वळायला कुठं बसायच्या? तिथं आमच्या पद्मशाली बायका असणारच, ३५ वर्षं शेजारी बसून वळल्यावर शब्द अंगाला चिकटतो. माझी आईपण बिड्याच वळायची, तिच्या तोंडात असेच मराठी शब्द होते, गिचमिड, आगाऊ, आणि आम्हाला लहानपणी ते तेलुगूच वाटायचे.

आमच्या शेजारी कानडी काकू आहेत त्यांना आत्ता विचारून आले. त्या म्हणल्या आमच्यात मसुकु म्हणतात, आणि ढगाळ, झाकोळलेलं असलं की मब्बु. धुक्याला मंजु. आमच्यात धुक्याला पोगमंचु, पोग म्हणजे धूर. म्हणजे धूर आणि धुकं एकत्र आमच्या तेलुगूतही आहे आणि मराठीतपण धुरकट आणि धुकट शेजारी-शेजारीच आहेत की.

आईंना नमस्कार सांगा माझा.

हायवे_६५

अक्कांनी धूर-धुक्याचं काढलं म्हणून लिहितो, इंग्रजीत 'स्मॉग' पण तसाच आहे, स्मोक आणि फॉग जोडून, लंडनच्या कोळशाच्या धुरावरून १९०५ च्या सुमारास रूढ झालेला शब्द.

आमचा टॉवेल-चादरीचा माल घेऊन हैदराबाद लाइनला गाड्या असतात, थंडीत पहाटे उमरग्याच्या पुढं कधी कधी बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. आमच्यात फॉग, मिस्ट, हेझ सगळ्याला धुकंच म्हणायचे. पण हवामानवाले हे अंतरावर मोजतात, १००० मीटरच्या आत दिसायचं बंद झालं तर फॉग, त्याच्या पलीकडं पण दिसायला कमी असलं तर मिस्ट. ५० ते २०० मीटर म्हणजे डेन्स फॉग, ५० च्या आत व्हेरी डेन्स. आणि हेझ म्हणजे पाण्याचे थेंब नाहीतच, कोरडी धूळ-धूर. म्हणून हेझमध्ये काच ओली होत नाही, वायपर मारून उपयोग नाही. मी नव्या ड्रायव्हरला हेच सांगतो, काच ओली झाली का बघ, मग ठरव धुकं आहे का धुरळा.

मास्तर म्हणले तसं खोट कुठंय, ते आम्हाला रस्त्यावर खरंच बघावं लागतं. कधी काच आतून वाफाळलेली असते, 'फॉग्ड अप', आणि पोरगं म्हणतं बाहेर धुकं पडलंय.

माळरान_फिरस्ता

मास्तर, माफ करा, पण तुमच्या चार जागांत एक बसत नाही. मी नान्नजच्या बाजूला माळावर फिरतो, १९७९ पासून तिथं माळढोकांसाठी अभयारण्य आहे, आता माळढोक दिसणं फार अवघड झालंय, पण माळ तोच आहे. टिटवीची अंडी बघितलीत का कधी? उघड्यावर, घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारलेली जागा. लख्ख ऊन, हवा स्वच्छ, डोळे चांगले, अंडं मोठं, रंग ठळक, काळे ठिपके. उजेडात खोट नाही, हवेत नाही, वस्तूत नाही, डोळ्यात नाही. तरी पाय पडायच्या बेतात येईपर्यंत दिसत नाही, टिटवी ओरडते म्हणून कळतं. नजर दोन बोटांवर असते आणि तरी समोरचा खडा कुठला आणि अंडं कुठलं ते कळत नाही, मग एकदम एक खडा जरा जास्तच गोल वाटतो आणि चारही अंडी एका झटक्यात दिसतात. त्याला इंग्रजीत 'कॅमोफ्लाज्ड', आणि जे लपवलेलं नाही पण नजर सहज ठरत नाही ते 'इनकॉन्स्पिक्युअस'. मराठीत आपण म्हणतो नजरेत भरत नाही.

अजून एक. एप्रिल-मेच्या दुपारी लांबचं काळवीट पाण्यात उभं असल्यागत हलताना दिसतं, पाय तुटलेले, अंग लांबलेलं. हवा आरपार स्वच्छ असते पण तापून हलत असते. ते 'हीट हेझ', हलण्याला 'शिमर'. चष्मावाले दादा रेघा वाकड्या दिसण्याचं जे म्हणले ते वाचून मला हेच आठवलं.

मास्तर_विजापूररोड

माळरानवाले, माफी कसली, अगदी बरोबर पकडलंत. पाचवी जागा आजूबाजूची, म्हणजे वस्तू आणि मागचा पट एकमेकांत मिसळणं. इतकी वर्षं शिकवलं, पण हे मी वेगळं सांगत नव्हतो. टिटवीची अंडी नातीला सांगणार आज.

झेरॉक्स_सातरस्ता

मंडळी एक शब्द राहिला आणि तो माझ्या घरात रडारड करून गेलाय. 'इलेजिबल'.

आमच्या मोठ्या काकांचे पैसे अडकले होते, एका ऑफिसच्या पोर्टलवर जुने कागद अपलोड केले, आठ दिवसांनी मेसेज आला, डॉक्युमेंट इलेजिबल. काका मोहोळकडं राहतात, त्यांच्या पोरानं वाचून दाखवलं इल्लीगल. काका रात्रभर झोपले नाहीत, आपला कागद बेकायदेशीर निघाला, आयुष्यात कधी कुणाचे पाच रुपये बुडवले नाहीत आणि आता पोलीस येणार म्हणून बसून राहिले. सकाळी पहिल्या एसटीनं माझ्याकडं आले, पिशवीत सगळे मूळ कागद. मी मेसेज बघितला, म्हणलं काका, इलेजिबल म्हणजे नुसतं वाचता येत नाही, कागद खरा आहे, फोटो अंधारात काढलाय. पाणी प्यायले आणि मग बोलायला लागले. नंतर अजून एकाकडं तिसराच घोटाळा झाला, त्यानं ते इनएलिजिबल वाचलं, म्हणजे अपात्र. तीन शब्द कानाला सारखे आणि एकात जेल, एकात अपात्र, एकात फक्त परत स्कॅन करा. मेसेज पाठवणाऱ्यांनी मराठीत 'अक्षरं वाचता येत नाहीत, पुन्हा स्पष्ट प्रत टाका' एवढं लिहिलं असतं तर म्हाताऱ्या माणसाची रात्र वाया गेली नसती. हे मला अजूनही लागतं.

तर इलेजिबल म्हणजे अक्षरच ओळखू येत नाही, पुसट, फिसकटलेलं, गिचमिड. 'अनरीडेबल' म्हणजे अक्षर दिसतंय पण वाचवत नाही, नाहीतर फाइलच उघडत नाही. शिक्क्याची शाई पसरली तर 'स्मज्ड', फोटो मोठा केल्यावर चौकटी-चौकटी दिसल्या तर 'पिक्सलेटेड', हात हलला तर 'ब्लर्ड', झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकी पडली तर 'फेंट', कडेचा मजकूर गेला तर 'क्रॉप्ड'. माझ्याकडं कुणी रिजेक्ट झालेला कागद आणला की आधी शब्द वाचतो, त्यावरून कळतं काय सुधारायचं. फेंट असेल तर डार्क करून भागतं, ब्लर्डला काहीच करता येत नाही, परत स्कॅनच. स्कॅनची बारकाई ३०० डीपीआयला ठेवली की बहुतेक चालतं.

ताई, डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या जोडणार असाल तर मोबाइलनं फोटो काढू नका, स्कॅन करा. चिठ्ठ्यांचं अक्षर मुळातच अवघड असतं, २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलनं नियमात घातलंय की औषधाचं नाव वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, पण जुन्या चिठ्ठ्या जुन्याच. सात रस्त्याला आलात तर मी करून देतो, आईच्या कागदाचे पैसे घेणार नाही.

भवानीपेठ_पोरगी

सगळ्यांना मनापासून थँक्यू, मला वाटलं एक-दोन शब्द मिळतील, हे म्हणजे वहीचं आख्खं पान भरलं.

काल संध्याकाळी आईला घेऊन बसले. दाराची चौकट बघायला लावली, एकेक डोळा झाकून, सरळ दिसते म्हणली दोन्ही डोळ्यांनी. चंद्राचं मात्र बघा, रात्री गच्चीवर गेलो, डावा झाकला तर उजव्यानं दोनच दिसतात, एक नीट आणि एक त्याच्या शेजारी पुसट, सावली असल्यासारखा. उजवा झाकला तर एकच. म्हणजे आठ महिने आम्ही दोन्ही डोळे समजत होतो आणि जास्त त्रास उजव्यातच निघाला. गाडीच्या लाइटचं, खळंपण आहे आणि डोळे दिपतातपण, दोन्ही. माशी एकच आहे, पहिल्यापासून तेवढीच, वीज-पडदा काही नाही. ते फ्लॅशेस आणि कर्टन मी फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, भावालाही सांगितलंय.

फॉर्मवर आता असं लिहिलं, बघा बरोबर आहे का. 'हेझी व्हिजन, राइट आय मोअर दॅन लेफ्ट, ग्रॅज्युअल, एट मंथ्स. डिफिकल्टी इन निअर वर्क, कॅनॉट थ्रेड अ नीडल. हेलोज अँड ग्लेअर अॅट नाइट. डबल व्हिजन इन राइट आय, पर्सिस्ट्स विथ लेफ्ट आय क्लोज्ड, सेकंड इमेज फेंट. व्हाइट लुक्स यलोइश. वन फ्लोटर, नो फ्लॅशेस, नो कर्टन. नो डिस्टॉर्शन.' शुगर आहे तेही टाकलं, गोळ्यांची नावं कॅपिटलमध्ये.

चष्मा_नवीपेठ

एकदम बरोबर. सेकंड इमेज फेंट हे तुम्ही स्वतःहून लिहिलंत ते फार चांगलं केलंत. शुगरचा अलीकडचा रिपोर्ट असेल तर तारखेसकट जोडा, बाकी एका शब्दाला हात लावू नका, पाठवून द्या.

भवानीपेठ_पोरगी

पाठवला. त्या बाईंचा दुपारीच मेसेज आला, बुधवारी ११ वाजता व्हिडिओ कॉल दिलाय, आधी पुढच्या महिन्यातली तारीख म्हणत होत्या. कागद उद्या सात रस्त्याला आणते दादा, पैसे मात्र घ्यायचेच.

आणि अक्का, तुमचा नमस्कार सांगितला. आई म्हणली बरोबर आहे, शेजारी नरसम्मा म्हणून बसायची, तिच्याकडून आलाय तो शब्द, मला वाटलं मराठीच आहे. मग मी फॉर्म वाचून दाखवला, मसकला हेझी लिहिलंय म्हणलं. तिनं दोन-तीनदा म्हणून बघितलं, हेझी, हेझी. मग विचारलं, डॉक्टर हैदराबादचे ना, त्यांना तेलुगू येत असेल की? म्हणलं हो, येत असणार. म्हणली मग फॉर्मवर तुझं राहू दे, तोंडानं मी मसकच सांगते.